चार कोपरे

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार टॉवेल.
बाहेर उणे एकवीस, खिडकीच्या काचेला आतून बर्फ,
आणि नॉर्बर्ट म्हणतो, एवढं काय त्यात,
फडकं ते फडकं.

अठ्ठावीस वर्षं धुतेय मी ही फडकी.
दिवसातून दोनदा, दोनशे बारा गाई,
एकीचं दुसरीला लावायचं नाही.
हिशेब तुम्हीच करा, मी सोडून दिलाय.
हे तिसरं मशीन. नवरा पहिलाच.

एक टॉवेल कागदी. निळा, गुंडाळीतून फाडायचा.
विकणारा ग्रीन बेहून आला, बूट न काढता बसला,
म्हणाला, बाई, तुमचं धुणं संपलं.
मी पेलाभर दूध टेबलावर ओतलं.
कागद निम्म्यात भिजला, निम्म्यात त्याचा लगदा झाला.
उरलेलं एप्रनने पुसलं, त्याच्यादेखत.

दुसरा मायक्रोफायबर, पिवळाधमक.
पाणी असं पितो, जसा जन्माचा तहानलेला,
पण भुसा, केस, काडी, जे दिसेल ते धरून ठेवतो,
धुतलं तरी सोडत नाही,
माझ्या थोरल्या जावेसारखा.

तिसरा कोरा सुती, जाडजूड, गुबगुबीत.
सडाच्या टोकाला वाळलेलं शेण असतं,
कधी केसाएवढी चीर,
ते बोटांना कळायला हवं.
हा हातात धरायचा म्हणजे
हातमोजे घालून सुईत दोरा ओवायचा.

चौथा, अल्गोमाच्या इर्मा बोडवेच्या सलूनमधला.
ऑक्टोबरात तिने दुकान बंद केलं,
गठ्ठेच्या गठ्ठे पौंडावर विकायला काढले.
विटका, धुऊन धुऊन पातळ,
कडेला केसांच्या कलपाचे डाग,
तपकिरी, एक तर जांभळटसुद्धा.
गावातल्या निम्म्या बायकांचं खरं वय या टॉवेलांना ठाऊक.
माझंही असेल यात कुठेतरी.

पहाटे चारला चारही घेऊन गोठ्यात गेले.
एलेउतेरियो सहा वर्षं धारा काढतो आमच्याकडे,
झोंगोलिकाच्या डोंगरातला.
त्याला म्हटलं, निवड.
माझं स्पॅनिश मोडकं, त्याचं इंग्रजी तसंच,
गाईंसमोर दोन्ही चालतं.

त्याने हातमोजा काढला,
एकेक टॉवेल मनगटाच्या आतल्या बाजूला घासला,
मग डोळा मिटून पापणीवर.
बोलला काही नाही.
चौथा खांद्यावर टाकला.

मग मला दाखवलं, मला,
जी इतकी वर्षं फक्त धुतेय:
एक सड, एक कोपरा.
टोकाशी चिमूट, अर्धा पीळ,
जसं शेंबडं पोर धरून नाक पुसावं,
ना घाई, ना लाड.
दुसरा सड, दुसरा कोपरा.
औषधाचा तपकिरी रंग कलपाच्या डागांत मिसळला,
कुठला कोणाचा कळेना.
गाईने कान सैल सोडले,
कास डोळ्यांदेखत भरून आली,
पान्हा सुटला.
नॉर्बर्ट म्हणतो, ते ऑक्सिटोसिन, त्याला अर्धा मिनिट लागतो.
लागत असेल.

शेवटी चारशे सात. म्हातारी.
तिचा एक सड मेलेला,
दोन वर्षांमागच्या कासदाहात गेला.
त्या हिवाळ्यात ड्रायर बिघडला होता,
नॉर्बर्टचं ऑपरेशन,
आणि मी टॉवेल दमटच घडी घालून पाठवत होते.
कोणी काही म्हटलं नाही मला.

तीन सड, तीन कोपरे.
चौथा कोपरा कोरडा राहिला.
एलेउतेरियोने तो जरा वेळ बोटांत धरला,
मग त्या मेलेल्या सडावरूनही फिरवला,
इतरांसारखाच, अर्धा पीळ देऊन,
आणि टॉवेल बादलीत टाकला.

घरी येऊन इर्माला फोन लावला.
म्हटलं, अजून आहेत का गं?
आहेत, म्हणाली, पण सगळे डागाळलेले.
चालतील, म्हटलं.
पातळ आहेत ना?