पिना

"पुढे झुका, आजी, की जाईल.
मागे रेला, की थांबेल."
गांगुर्डे आडनावाचा पोरगा, सुरगाण्याचा.
अंबाड्यावर हेल्मेट बसेना,
तेव्हा माझ्या पिना त्याने खिशात ठेवल्या,
मोजून, सात.

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
ताठ उभी राहिले. नोटांचे गठ्ठे,
एकही आपला नाही.
झुकलं की पुढे जाता येतं
हे तिथे कुणी बोललं नव्हतं.

गोदापार्कात सेगवे हलली
आणि मी केवढ्यांदा ओरडले, "आई गं!"
बाकावरचे दोघे हसले. हसोत.

रामसेतूपाशी तो पाठ केलेलं म्हणू लागला:
"हा दुतोंड्या मारुती. पुराचं पाणी
याच्या कमरेला लागतं."
कमरेला? अरे, गळ्याशी पाहिलंय मी.
भांडीबाजारातल्या कळश्या
तरंगत चाललेल्या, एकमेकींवर आपटत,
जणू आरतीच चालू आहे गंगेत.
"थांबा, परत सांगा," म्हणाला,
आणि मोबाइल काढला.

मग मी पुढे, तो मागे.
थांबायच्या खुणेशी रेलायचं विसरले,
की विसरले नव्हते, कोण जाणे.
चाकं गेली आणखी जरा, आणखी जरा,
आणि मागून त्याचा आवाज:
"आजी, पिना!"