आधी कंदील

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, तळमजल्यावर,
रिपोर्टच्या खिडकीपुढं एक बाक आहे.
हिरवा रंग नुकताच दिलेला,
हात ठेवला की अजून जरा चिकटतो.
माझा नंबर एकेचाळीस.
आत्ता सव्वीस चालू आहे.

काल पाळकसाहेब घरी येऊन गेले.
चहा घेतला, प्रार्थना केली,
उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणाले,
सलोमीबाई, विश्वास असेल तिथं भीती टिकत नाही.
मी मान हलवली.
मग रात्रभर आम्ही दोघी जाग्या, मी आणि भीती,
आणि पहाटे तिसरी येऊन बसली, शरम,
की आपलाच विश्वास कुठंतरी कमी पडला.

अशा वेळी आठवतात ते अण्णा.
थोमा आवळे, हरिपुरात हळदीच्या पेवांवर हमाल.
रविवारी पांढरा सदरा, देवळात शेवटचा बाक,
सोमवारी कमरेला दोर.
नखांतली हळद प्रभुभोजनालाही निघायची नाही,
हातातला भाकरीचा तुकडा कडेनं पिवळा व्हायचा.

तुम्ही पेव पाहिलं नसेल.
जमिनीच्या पोटात तीन पुरुष खोल,
तोंड एवढंसं, माणूस जेमतेम शिरेल,
आत मुरत पडलेली हळद
आणि कोंडलेली, डोळ्यांना न दिसणारी वाईट हवा.
तोंडावरची माती फोडायची, दगड सरकवायचा,
आणि लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील.
दोराला बांधून हळूहळू खाली.
ज्योत जगली तर माणूस जगेल.
विझली तर काठावर बसून राहायचं,
पेवाला श्वास घेऊ द्यायचा.

मी नऊ वर्षांची, डबा घेऊन गेलेली.
अण्णांचे हात कापत होते,
कंदील भिंतींना आपटत किणकिणत चालला होता.
अण्णा, तुम्हाला भ्या वाटतं?
"वाटतं की. रोज वाटतं.
जिन्नाप्पाला वाटलं न्हाई, सरळ उतरला.
आम्ही दोघांनी वर ओढला त्याला,
तोंड हळदीनं माखलेलं,
नवरदेवागत."

अण्णांनी उपदेश कधी केला नाही.
एकदाच, उत्तम शुक्रवारी, देवळातून परतताना
संगमाच्या वाटेवर थांबून म्हणाले,
त्या बागेत त्याचेबी हात कापले असतील गं.
हा प्याला टळंल का, इचारलं त्यानं बापाला.
बाप म्हणाला न्हाई, की तुझा इश्वास कमी पडला.
मग आपल्या आधी
त्यालाच खाली सोडला.
तीन दिस ज्योत इझली हुती.
पण दोर वरनं कुणी सोडला नव्हता, लेकी.

ज्या वर्षी नदीच पेवांत उतरली
त्या वर्षी अण्णांचं काम संपलं.
कंदील आमच्या माळ्यावर आहे, काच तडकलेली.
दोराचं काय झालं, माहीत नाही.

चौतीस.
खिडकीमागचा पोरगा शिक्का शोधतोय.
भीती गेलेली नाही.
छातीत डाव्या बाजूला, गाठीच्या शेजारीच बसली आहे,
शेजारीण असल्यासारखी.
मी डोळे मिटले, म्हणायचं होतं, प्रभो, बरं कर.
ओठांवर आलं ते दुसरंच:
आधी तू उतर.
मी काठावर बसते.
हात कापतायत, कापू देत.

शेजारी जतकडची एक बाई,
रुपयाएवढं कुंकू, सासऱ्याचा रिपोर्ट न्यायला आलेली.
सकाळपासून आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

एकेचाळीस.

उठले, तर पदर हिरव्या रंगाला चिकटलेला.
तिनं नखानं हलकेच सोडवला,
माझी पिशवी ओढून मांडीवर घेतली.
"जा तू," म्हणाली, "मी हाय हितं."