निळी-पिवळी ढाल

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला वडशाहून,
खिशात पेनड्राइव्ह. खर्रा नाही अजून, एवढं समाधान.
"आत्या, चाळीस जीबीचा खेळ हाय. दुकानात चार हजाराचा,
मले फुकट भेटला."
मी वहीत धान-नोंदणीची यादी उतरवत होते.
चालव, म्हटलं.
सेवा केंद्राचा संगणक तो एकच,
हे तेव्हा सुचलं नाही.

खेळासोबत एक चिठ्ठी होती, तीन ओळींची.
पियुषने ती धडा वाचावा तशी मोठ्यानं वाचली:
आधी अँटिव्हायरस बंद करा.
मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.
काही विचारलं तर होय म्हणा.

पडदा अंधारला.
मधोमध छोटी ढाल, निळी-पिवळी,
आणि प्रश्न. प्रकाशक: अज्ञात.
याला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?
आमच्या गावात अनोळखी माणूस आला
की आधी कुत्री भुंकतात, मग चहा मिळतो त्याला.
इथलं कुत्रं आम्ही
पहिल्या ओळीतच बांधून ठेवलं होतं.

खेळ चालला, हे खरं सांगायला हवं.
मोठ्ठा ट्रक, बर्फाचे डोंगर.
बेबीबाई शहारे रेशनकार्ड विसरून बघत बसल्या.
"हा टरक गोसेच्या कालव्यावरून जाते का रे बाबू?"

भाचा गेला. पंखा राहिला.
काही काम नसतानाही डब्यातला तो पंखा
भातगिरणीसारखा घोंघावायचा,
आमच्या विजेवर कुणाचं तरी दळण.
धूळ असेल, म्हटलं. फुंकर मारली.

सतराव्या दिवशी वॉलेटमधले अकरा हजार दोनशे गेले,
दुपारी दोन ते दोन वाजून चार मिनिटं.
पासवर्ड मी संगणकालाच लक्षात ठेवायला सांगितला होता.
आणि "झालेली कामं" नावाच्या फोल्डरात
अख्खं गाव: दाखले, सातबारे, पासबुकांची पहिली पानं,
सोमा नैतामांचा फोटो, ते एकदाच हसले होते तो.
त्यातलं काय गेलं, कुठे गेलं,
साकोलीहून आलेल्या दुरुस्तीवाल्या पोरालाही सांगता येईना.
सगळं पुसता पुसता म्हणाला,
"ॲडमिन देणं म्हणजे ताई, मुखत्यारपत्र.
कोऱ्या कागदावर."

पियुषला फोन लावला. शिव्या तयार होत्या.
तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला,
"आत्या, तू बी तं तसंच म्हणतेस."
काय म्हणते?
"अंगठा ठेवा. काही विचारलं तं हो म्हणा."

वही घेऊन घरोघर गेले.
पिन बदला, पासबुक भरून आणा.
चौघींनी चहा दिला. एकानं दार लावून घेतलं.
काहींना पिन म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं,
तो माझ्याच वहीत होता.

आता मशीनच्या लाल दिव्यावर बोट टेकण्याआधी
मी वाचून दाखवते:
कशासाठी, किती रुपये, नाव कुठे जाणार.
रांग बोडीच्या पाळीपर्यंत जाते,
लोक कुरकुरतात.

काल सोमा नैताम बोट हवेत धरून ऐकत होते.
शेवटी म्हणाले, "अन् नाही म्हटलं तं चालते का?"
इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हे.
चालते, म्हटलं.
त्यांनी बोट धोतराला पुसलं
आणि उभे राहिले, विचार करत.
मागून कुणीतरी ओरडलं, लवकर करा ना जी.