दोन ते आठ

बाहेर उणे एकतीस. लॅपलँडात अकरा वाजलेत,
उजाडलेलं नाही, आज उजाडणारही नाही.
आइला आधी फ्रिजचा पारा पाहते: चार.
वहीत लिहिते चार, खाली सही.
या गावात गोठू नये म्हणूनही फ्रिजच लागतो.

काउंटरपलीकडे ओउला, रेनडियरवाला,
मिशीतलं बर्फ अजून तसंच.
सांधेदुखीच्या पिवळ्या गोळ्या. चिठ्ठीवर: रोज एक.
ती थांबते.
ही आठवड्यातून एकदाच घेतात, ओउला.
डॉक्टर शिकलेला आहे, तो म्हणतो,
आणि बाहेर गाडी चालू ठेवलीय.
राहू दे चालू.

एकशेसाठ किलोमीटरवर फोन वाजतो, वाजतच राहतो.
तोवर ती त्याच्या बायकोचं इन्सुलिन काढते,
तारीख दिव्याखाली धरते,
नाव, आडनाव, जन्मसाल मोठ्यानं वाचते,
जणू गावात दुसरी मारेत आहे.
आहे. तिघी आहेत.

पलीकडून आवाज: सोमवारी. फक्त सोमवारी. चुकलंच.
ती डबीवर सोमवार लिहिते, इतका ठळक
की चष्मा विसरला तरी दिसावा.

तो आभारबिभार मानत नाही.
इन्सुलिन बाहेरच्या खिशात टाकता टाकता मात्र थबकतो,
कोटाची बटणं सोडतो,
लोकरीच्या आत, छातीशी ठेवतो.
हे तिनं सांगितलं होतं,
दोन हिवाळ्यांपूर्वी, एकदाच.