दुसरं रूप

आठवीच्या वर्गात पंख्याला आवाज होता, वारा नव्हता.
बोरोले सर फळ्यावर क्रियापदांची रूपं लिहीत,
आम्ही ओरडायचो : बेअर, बोर, बोर्न.
मागच्या बाकावरून लीलाधर फेगडे विचारायचा,
सर, मले बोर झालं, त्याचं पहिलं रूप काय?
वर्ग हसायचा. सरही हसायचे, उशिरा, हिशेब करून.
मग खडू झटकून म्हणायचे,
तो बोर वेगळा. हा बोर म्हणजे वाहिलं. सोसलं.
आणि हो, जन्म दिला, तेही यातच.
एवढं सगळं एका शब्दात कसं मावतं,
आम्ही विचारलं नाही.
आमच्या खिशात ओढ्याकाठची बोरं होती, आंबट, अर्धी किडकी,
आणि आठळ्या मारायला सरांची पाठ.

आता मी बोरगाडी आणतो.
एजंट. छापील कार्ड आहे, त्यावर निळा थेंब.
गाडी तामिळनाडूची, पोरंही तिकडची,
मराठीतले दोनच शब्द त्यांना येतात : पाणी आणि बस.
यावल ते रावेर कुठल्याही बांधावर विचारा,
कोणाला किती फुटांवर लागलं, मला पाठ आहे,
जशी ती रूपं कधी झाली नाहीत.
लहानपणी ऐंशी फूट ऐकलं होतं.
आता सातपुड्याकडे तोंड करून मी सातशे सांगतो,
समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही.

बोर मारला, म्हणतात. बोर बसला. बोर फेल गेला.
सिकंदर तडवीच्या आजोबाची बंदूक बारा बोरची होती,
नळीला डोळा लावला की पलीकडे
नाण्याएवढं आभाळ दिसायचं म्हणे.
माझ्या नळीला पलीकडचं टोक नाही.
सुट्टीत घरी आलेला पोरगा
मोबाईलमधून मान न काढता म्हणतो, पप्पा, बोर होतंय.
मी विचारतो, किती फूट?
तो हसत नाही.

आखाजीच्या आधी सरांचा फोन आला.
निवृत्तीनंतरचं घर, अंगणात चुन्याने आखलेला गोल.
पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता.
सरांनी विश्वास ठेवला नाही,
जागाही बदलली नाही.
रात्रभर गाडी चालली.
पांढरी धूळ जास्वंदीवर, वाळत घातलेल्या धोतरावर,
सरांच्या भुवयांवर, जसा पूर्वी खडू.
तीनशे. चारशे साठला जरा ओल आली,
पोरं म्हणाली पाणी, आणि ती गेली.
कुंपणाबाहेरून कोणीतरी बोललंच,
ओल काय ती आडनावातच हाय भो, बोर-ओले!
सर हसले. उशिरा.
पहाटे सहाशे ऐंशीवर मी हात वर केला. बस.

प्रमिलाबाईंनी चहा आणला, त्यातही धूळ.
त्यांची मान डावीकडे कललेली,
डोक्यावर हंडा नसतानाही.
म्हणाल्या, इतके दिवस आणलंच ना पाणी. जाऊ द्या.
सर त्या मानेकडे बघत राहिले,
पहिल्यांदाच दिसल्यासारखे.
मग मला म्हणाले, तोंडावर झाकण घट्ट बसव,
गल्लीत लहान पोरं आहेत.
बसवण्याआधी त्यांनी एक खडा आत सोडला.
आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो.
इंजिन थांबलं होतं, चिमण्या सुरू झाल्या होत्या,
खड्याचं काही कळलं नाही.

पैसे मोजून दिले, फूट गुणिले दर, बिनचूक.
थोडे परत केले तर रागावले.
मी पावती फाडली.
कशाबद्दल, या रकान्यात लिहिलं : बोर.
सरांनी सवयीने शुद्धलेखन तपासलं.
लाल पेन नव्हतं खिशात.
त्या शब्दाखाली नखाने एक रेघ ओढली
आणि घरात पाहिलं,
जिथे कोणीतरी चुंबळ शोधत होतं.