मागून येताना

घोडीच्या मागून जायचं नाही,
हे माणसाला सांगून कळतं,
कुत्र्याला लाथ खाऊनच.
डांबरने ती खाल्ली माघात,
अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या त्या दुपारी.
आवाज आला शहाळं फोडल्यासारखा
आणि मग बराच वेळ कसलाच आला नाही.

जबडा तारेने बांधला अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी.
दीड महिना पेज, तीही चमच्याने,
आणि चमचा धरायला मी,
ज्याने घरात कुणाला कधी चहा करून दिला नाही
असं बायको अजून चारचौघांत सांगते.

याकूबचाचा नाल ठोकायला आले
तेव्हा मी चंद्रीला शिव्या घालत होतो.
त्यांनी तिचा खूर मांडीवर घेतला,
दातांत दोन खिळे धरून म्हणाले,
"हिचा काय गुन्हा? शेपटीमागे हिला डोळे नाहीत.
मागे जे हलतं ते हिच्या लेखी वाघ.
कुत्र्याला आवाज दे."

दोन दिवस मी डांबरला हाका मारत राहिलो.
मग कळलं, चाचा काय म्हणाले ते.

टांग्याच्या जुन्या पट्ट्यातलं एक घुंगरू काढलं,
काथ्यात ओवलं, त्याच्या गळ्यात बांधलं.
आता तो कुठेही असो,
पोफळीत, विहिरीशी, चुलीतल्या राखेत,
चंद्रीचा एक कान त्याच्याकडे वळलेला.
दुसरा चाऱ्याकडे.

बाकीचं शिकलो चुकत चुकत.
पेंढ्याजवळ त्याची थाळी ठेवायची नाही.
तिचा कोंडा-गूळ संपेपर्यंत तो पडवीत बांधलेला.
नांदगावच्या पुळणीवर पाठीवर गिऱ्हाईक असताना
त्याने यायचंच नाही;
हे त्याला अजून मान्य नाही.

सगळ्यात मोठी चूक कुंपणाची.
वाशांचे पैसे वाचवायला
पोशाकडून फाटकं जाळं आणलं, हिरव्या नायलॉनचं,
तबेला आणि अंगणाच्या मध्ये ताणलं.
कुत्रा अलीकडे, घोडी पलीकडे.
मी मिशीला पीळ दिला.

अष्टमीच्या रात्री घुंगरू वाजायचं थांबेना.
बाहेर आलो तर चंद्रीचा पुढचा पाय जाळ्यात,
ती ओढेल तसं ते आवळत चाललेलं,
आणि डांबर तिच्या तोंडासमोर
त्या वाकड्या जबड्याने भुंकतोय, भुंकतोय.
इमान म्हणतात ते हेच असेल.
पण एकेका भुंकण्याला ती उसळत होती
आणि नायलॉन कातडीत शिरत होतं.

मी ओरडलो नाही. कसं सुचलं कुणास ठाऊक.
बॅटरी खाली ठेवली, डांबरला पोटाशी घेतलं,
घुंगरू मुठीत घट्ट धरलं.
मुठीत ते थोडा वेळ धडधडत राहिलं.
तो गप्प झाला, थरथरत.
मग तीही.
मासळीच्या सुरीने एकेक गाठ कापली,
शेवटची कापताना तिने माझ्या मानेवर
एक लांब, गरम उसासा टाकला.

सकाळी जाळं पोशाच्या दारात टाकून आलो.
आता आडवे वासे आहेत,
सगळ्यात खालचा डांबरच्या पाठीहून वीतभर उंच,
म्हणजे पळायची वेळ आली तर
त्याला खालून सटकता यावं.
वासे उसने आहेत. त्याबद्दल घरात बोलणं नको.

तिच्या पायावर बांगडीसारखा व्रण आहे.
पुण्याची पोरं विचारतात, "भांडतात का हो दोघं?"
मी म्हणतो, तुमच्याकडे कोण भांडत नाही?

संध्याकाळी तिघं घरी येतो पाण्याच्या कडेने,
डांबर पुढे, ती मागे,
मध्ये चार हात ओली वाळू.

परवा घुंगरू पडलं कुठेतरी, भरतीत गेलं बहुधा.
मुरूडच्या बाजारातून नवं येईपर्यंत
रात्री तो तबेल्याकडे निघाला
की मी त्याच्या मागोमाग चालतो,
मोठ्याने खाकरत.