फक्त झेरॉक्स

दुकानावर पाटी आहे, मीच रंगवलेली:
‘येथे प्रवेशाबद्दल विचारू नये. फक्त झेरॉक्स.’
तरी जूनमध्ये रोज कुणीतरी विचारतंच.
मी गुणपत्रिका काचेवर पालथी घालतो, झाकण लावतो,
आणि तो हिरवा उजेड या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत
जे तीन-चार सेकंद असतात, त्यात विचारतात:
‘होईल का हो इथे?’

इथे म्हणजे समोर.
रस्ता ओलांडला की दगडी फाटक.
चोवीस वर्षं मी त्याच्यासमोर उभा आहे.
आत गेलोय दोनदाच:
एकदा मतदानाला,
एकदा वॉचमनला चक्कर आली तेव्हा.

पण आकडे पाठ आहेत.
सायन्सची पहिली यादी कुठल्या साली कितीवर थांबली,
तिसरीला किती उतरली,
कुठल्या साली उतरलीच नाही.
शेजारचा शिंपी माणूस बघून छाती सांगतो,
तसं मी पालकांची चाल बघून टक्के सांगतो.
परवा पंच्याण्णववाली एक पोर
माझ्याच पायरीवर बसून रडली.
आईने माझ्याकडून पाणी घेतलं, तिला पाजलं,
आणि मलाच विचारलं,
‘गणितातले तीन गेले, ते कुठे गेले असतील?’

आज ढमाले आले. पिरंगुटहून,
दूध घालून झाल्यावर, त्याच टेम्पोतून.
सोबत मुलगी, कृत्तिका.
प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका,
त्या पिशवीवर आणखी एक पिशवी.
मराठी त्र्याण्णव. विज्ञान सत्त्याण्णव.
इंग्रजी चौऱ्याऐंशी.
सगळे मिळून चारशे एकसष्ट.
‘शाळेत पहिली आहे,’ ढमाले म्हणाले,
आणि माझ्याकडे असं बघितलं
की फाटकाची किल्ली माझ्या गल्ल्यात असावी.

मागच्या वर्षी तिसरी यादी
चौऱ्याण्णव पूर्णांक चारवर बंद झाली होती.
म्हणजे अकरा मार्क.
शाळेतल्या पहिल्या नंबरचा
त्या यादीत रकाना नसतो, हे त्यांना कसं सांगू?

सांगितलं असतं.
पूर्वी मी सांगायचो, बिनदिक्कत.
एका मुलाला सांगितलं होतं, ‘नाही रे, इथे नाही व्हायचं,
उगाच पहिली पसंती वाया घालवू नकोस.’
त्याने ऐकलं.
त्या वर्षी तिसरी यादी दीड टक्क्याने खाली आली.
त्याचं नाव आठवत नाही.
चष्म्याच्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला आठवतो.
त्याच्या पुढच्या रविवारी मी पाटी रंगवली.

‘काका,’ मुलगी म्हणाली, ‘याचीपण एक काढा.’
कॅलेंडरच्या पाठीवर दहा कॉलेजं, क्रमाने.
पहिल्या ओळीत हेच, समोरचं.
खोडून परत लिहिलेलं, परत खोडून परत.
तिथे कागद इतका पातळ झाला होता
की पलीकडची एकादशी दिसत होती.
तिने होईल का असं विचारलंच नाही.
‘पहिल्यावर काय ठेवू?’ एवढंच.

मी पाटीकडे बघितलं. मग तिच्याकडे.
‘हेच राहू दे,’ म्हटलं.
‘पण दोन आणि तीन नीट बघून लिही.
तिथे खरंच जावं लागेल असं समजून लिही.
बस किती वाजता सुटते, तेपण बघ.’
ढमाले हसले. होईल, असं त्यांना ऐकू आलं असावं.
तिला मात्र बरोबर ऐकू आलं.

झेरॉक्समध्ये ती पहिली ओळ काळपट आली.
नाव वाचता येत होतं, पण जोर लावून.
वीस रुपये दिले, माझ्याकडे सुट्टे नव्हते.
‘मग गुणपत्रिकेच्या अजून तीन काढा,’ ती म्हणाली,
‘लागतीलच कुठेतरी.’

टेम्पो वळवताना ढमाले फाटकासमोर थोडे रेंगाळले.
मागून कुणीतरी हॉर्न मारला.
मी पुढच्याची गुणपत्रिका घेतली,
काच पुसली, पालथी घातली.